अंडाशयात सिस्ट निघाली, आता काय करायचं?

पाळी चालू असण्याच्या वयात सापडणाऱ्या बहुतेक सिस्ट निरुपद्रवी असतात. दर महिन्याला अंडाशयात बीजाची पिशवी वाढते आणि साधारण २० ते २५ मिलिमीटरची झाली की फुटते. कधी ती फुटत नाही, पाणी साठत राहतं, आणि तिचीच सिस्ट होते. दोन-तीन पाळ्यांत ती बहुधा आपोआप जिरते.

आधी रिपोर्टमध्ये आकार आणि आत काय आहे ते बघा. ‘सिंपल’ म्हणजे पातळ भिंत, आत नुसतं पाणी. ती ५ सेंटीमीटरपर्यंत असेल तर बहुधा काही करावं लागत नाही. ५ ते ७ असेल तर वर्षाने सोनोग्राफी. त्यापुढे एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार. आत पडदे, घट्ट भाग असं लिहिलं असेल तर मात्र आकार लहान म्हणून थांबू नका. चॉकलेट सिस्ट (हिच्यात जुनं, घट्ट झालेलं रक्त असतं) आणि डर्मॉइड (हिच्यात चरबी, केस, क्वचित दातही असतात) सहसा जिरत नाहीत. पीसीओडी हे प्रकरणच वेगळं; तिथे २ ते ९ मिलिमीटरच्या भरपूर बारीक पिशव्या दिसतात.

पुन्हा सोनोग्राफी सांगितली असेल तर शक्यतो पाळीच्या ५व्या ते १०व्या दिवसात करा, जुना रिपोर्ट सोबत न्या. उशिरा केली तर त्या महिन्याची नवी पिशवी दिसते आणि ‘सिस्ट अजून आहेच’ असा घोळ होतो.

दुखत असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने शेका, पॅरासिटामॉल चालते. गर्भनिरोधक गोळ्यांनी असलेली सिस्ट विरघळत नाही, नव्या होणं कमी होतं.

एका बाजूला अचानक जोराची कळ आणि उलट्या, म्हणजे अंडाशयाला पीळ पडला असू शकतो. रक्तपुरवठा तुटतो, हातात काही तासच असतात. पीळ थोडा सुटला की कळ ओसरते, आणि नेमकी तिथेच फसगत होते. काही न खाता-पिता लगेच हॉस्पिटल गाठा. चक्कर, ताप असेल तरीही तेच. पाळी चुकलेली असेल तर ते आधी सांगा; गर्भ नळीत असला तरी असंच दुखतं.

पाळी गेल्यानंतर सापडलेल्या सिस्टसाठी, कॅन्सरची शक्यता किती हे बघायला, सीए-१२५ ही रक्ततपासणी करतात. तरुण वयात तिच्यावर फार विसंबू नये, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार), अगदी पाळीतही आकडा चढतो.

ऑपरेशन ठरलंच, तर फक्त सिस्ट काढणार की अंडाशयही, हे सही करण्याआधी विचारून घ्या.