तीन पिढ्यांनी मिळून ‘द साउंड ऑफ म्युझिक’ कसा पाहावा

‘द साउंड ऑफ म्युझिक’ 1965 साली पडद्यावर आला आणि आजही आजी, आई व नात अशा तिघींना एकत्र बसवू शकतो, कारण त्यात जवळपास प्रत्येक वयाचे कोणी ना कोणी आहे : पाच वर्षांची ग्रेटेल, सोळा वर्षांची लीझल, मुलांना सांभाळायला घरात नव्याने आलेली मारिया आणि पत्नीच्या निधनानंतर गाणे विसरलेला मुलांचा बाप, कप्तान. तरीही 174 मिनिटांचा इंग्रजी चित्रपट नुसता लावून दिला, तर लहान मुले पेंगतात आणि आजी कंटाळून उठतात. थोडी आखणी केली, तर हे टाळता येते.

नागपूरच्या उन्हाळ्यात बैठकीच्या खोलीचा नाद सोडावा. कूलर चालू असला की त्याच्या घरघरीत संवाद बुडतात आणि बंद केला की कोणी बसायला तयार नसते. त्यापेक्षा संध्याकाळी गच्चीवर भरपूर पाणी मारून घ्यावे, पडदा म्हणून चादर चारही कोपऱ्यांनी ताणून बांधावी आणि तिच्या खालच्या काठात एखादी काठी ओवावी; नाहीतर वाऱ्याची पहिली झुळूक येताच चित्रपटातले, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचे डोंगर डुलू लागतात. मे महिन्यात पुरेसा अंधार पडेपर्यंत साडेसात वाजतात आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, त्यामुळे एका रात्रीत चित्रपट पुरा होणे कठीणच. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी मध्यंतर ठेवलेले आहेच. तिथेच थांबून उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहावा. पहिला भाग दीड तासाहून मोठा आहे, आणि मारिया घर सोडून निघून गेल्यावर तो थांबत असल्याने मुले दुसऱ्या दिवशी न बोलावता येतात.

ज्यांना इंग्रजी येत नाही, त्यांच्याशेजारी दहा-बारा वर्षांचे एखादे नातवंड बसवावे. त्याने प्रसंगाचा आशय एक-दोन वाक्यांत सांगावा. गाणे सुरू झाले की मात्र गप्प राहावे.

घरात पेटी असेल, तर ‘डो रे मी’ हे गाणे पाहण्याआधी ती बाहेर काढावी. पाश्चात्त्यांची ही सप्तक-रचना, मेजर स्केल, म्हणजे आपले सगळे शुद्ध स्वर, अर्थात बिलावल थाट, त्यामुळे पेटीवर सा रे ग म प ध नि वाजवून दाखवले की आजींना भाषेवाचून गाणे कळते. मारिया आधी प्रत्येक स्वराला ओळखीच्या एका शब्दाशी जोडते आणि मग स्वरांचा क्रम उलटसुलट करून मुलांकडून म्हणवून घेते. गाण्याच्या शिकवणीला जाणाऱ्या मुलाला हे पलटे, म्हणजे स्वर उलटसुलट म्हणण्याचा सराव आहे, हे सांगावेही लागत नाही. या चित्रपटाची खरी ताकद मला इथेच दिसते : पाहणारा प्रेक्षक न राहता विद्यार्थी होतो. आजोबा सूर लावू लागले, तर चित्रपट थोडा वेळ थांबवायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच मुलांना सांगावे की मार्च 1938 मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि कप्तानाला आता त्यांच्या नौदलात चाकरी करायची नाही. एवढे ठाऊक नसेल, तर घरावर लावलेला झेंडा तो का फाडतो, हे त्यांना कळत नाही. कप्तान गातो ते ‘एडलवाइस’ हे गाणे पुष्कळांना ऑस्ट्रियाचे जुने लोकगीत वाटते. प्रत्यक्षात ते ज्यावरून चित्रपट झाला त्या 1959 च्या मूळ संगीत नाटकासाठी रचलेले आहे आणि गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे ते अखेरचे गीत. ते दोनदा येते, आधी घरात आणि नंतर भरल्या सभेत, जिथे कप्तानाचा आवाज दाटून येतो. या दोन्ही वेळा खाण्याच्या पिशव्यांची खुसखुस बंद ठेवावी.

डोंगर ओलांडून केलेले पलायन खरे होते का, असे मुले हमखास विचारतात. ज्यांच्यावर चित्रपट बेतला आहे, ते खरे ट्रॅप कुटुंब आगगाडीने इटलीला गेले होते. हे चित्रपट संपल्यावरच सांगावे, आधी सांगून शेवटाची मजा घालवू नये. ‘परिचय’ हा गुलजारांचा 1972 चा चित्रपटही याच वळणाचा आहे, खोडकर मुले आणि त्यांना गाण्यातून जिंकणारा शिक्षक. तो तिसऱ्या संध्याकाळसाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी शेजारी बसून समजावण्याचे काम आजींकडे द्यावे.