ऊसतोडीच्या कोपीत द्यायची गोधडी: कापड निवडण्यापासून वाटपापर्यंत

गोधडी दान करायची ठरली की पहिल्यांदा कपाट उघडलं जातं आणि जुन्या साड्यांचा ढीग निघतो. खरं तर सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायला हवी. ही गोधडी कुठे अंथरली जाणार, कशात धुतली जाणार आणि कुठे वाळणार, हे आधी ठरवा. कापड, थर, टाके आणि रंग यांचा निर्णय त्यावरून होतो.

इथे ऊसतोड कुटुंबं समोर ठेवली आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि कर्नाटकाकडे निघतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांचा मुक्काम कारखान्याजवळच्या नाहीतर उसाच्या फडाजवळच्या अड्ड्यावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतो. जमिनीवर पाचट, त्यावर अंथरूण, दारात चूल, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी. पाणी लांबून आणायचं. वाळवायला दोरी नसते, फार तर कोपीचं छत किंवा बैलगाडीचा साटा. त्यामुळे गोधडी एका बादलीत भिजली पाहिजे, एकटीला पिळता आली पाहिजे आणि एका दिवसाच्या उन्हात वाळली पाहिजे. ज्या गोधडीत हे जमत नाही ती कितीही सुंदर असो, फडावर तिचं ओझंच होतं.

कापड

फक्त सुती. जॉर्जेट, शिफॉन, पॉलिस्टर, नायलॉन यांच्या साड्या घराघरात ढिगाने पडून असतात आणि लोक त्याच पुढे करतात. त्या परत करा. घसरणाऱ्या कापडात थर हलतात, ऊबही धड मिळत नाही. पण मुख्य कारण चूल. सुती कापड पेटतं, पण वितळत नाही. कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. ओळखायला सोपं: कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवा. कागद जळाल्यासारखा वास आणि चुरडली जाणारी राख म्हणजे सूत. टोकाला कडक मणी तयार झाला तर ते कापड बाजूला ठेवा.

दुसरी परीक्षा ताकदीची. कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून उभं आणि आडवं ताणा. ‘चर्र’ आवाज आला तर ते आतल्या थरालाही चालत नाही, कारण दोन धुण्यांत आत फाटून त्याचे गोळे होतात. साडी बसण्याच्या भागात सगळ्यात आधी विरते, दोन्ही टोकं शाबूत राहतात. तेव्हा टोकांचं कापड बाहेरच्या बाजूला आणि मधलं, विरत चाललेलं पण न फाटणारं, आत.

वरचं आणि खालचं कापड शक्यतो नवं किंवा नव्यासारखं घ्या, आणि गडद, बारीक छापाचं. पांढऱ्या-पिवळ्यावर उसाची काजळी आणि माती दोन दिवसांत बसते. नवं कापड आधी धुऊन आटवून घ्यायलाच हवं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आखडतं, आतलं जुनं कापड आखडत नाही, आणि गोधडीला कायमच्या वळकट्या पडतात. लाल, मरून, गडद निळा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग उतरला तर ते कापड वापरू नका. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो हा समज जुना आहे, पण त्यावर विसंबू नये.

जुन्या साड्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा, खळ पूर्ण काढा आणि दिवसभर कडक उन्हात वाळवा. खळ राहिली की कसर लागते. जरीचे काठ उसवून टाका, ते लहान मुलांच्या अंगाला टोचतात. सुती काठ मात्र जपून ठेवा, शेवटी कामाला येतात.

एक नाजूक गोष्ट. घरातल्या गेलेल्या माणसाच्या साड्यांची गोधडी आपण मायेने पांघरतो, पण परक्या घरी, त्यातही लेकुरवाळीला, ते कापड देऊ नये. समोरचा तोंडावर बोलत नाही, पण कळलं तर वापरतही नाही.

माप आणि हिशेब

साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच असतो. सहावारी साडीची लांबी २१६ इंच, नऊवारीची ३२४. यावरून तीन मापं बसतात.

मुलाची गोधडी ४५ × ६० इंच, चार थर. एकही जोड लागत नाही. चार थरांना २४० इंच लांबी लागते, म्हणजे एका नऊवारीत ती होऊन ८४ इंच उरतात. त्यात ३६ × ३६ इंचांचं दोन थरांचं दुपटंही निघतं.

मोठी गोधडी ६० × ८० इंच, सहा थर. इथे ४५ इंचांच्या पन्ह्याला १५ इंचांची पट्टी जोडावी लागते. ८० इंच लांबीच्या एका तुकड्यातून अशा तीन पट्ट्या निघतात, त्यामुळे तीन थरांना चार तुकडे, म्हणजे ३२० इंच: बरोबर एक नऊवारी. सहा थरांना दोन नऊवारी, किंवा चार सहावारी. प्रत्येक थराची जोड वेगळ्या ठिकाणी आली पाहिजे. सगळ्या जोडा एकावर एक आल्या तर तिथे दोरखंडासारखा उंचवटा होतो आणि सुई अडते. बाहेरच्या बाजूला सिंगल बेडची सुती चादर वापरली तर तिथला जोडच वाचतो.

सहा थरांच्या पुढे जाऊ नका. आत कापूस किंवा स्पंज तर नकोच: कापसाचे धुतल्यावर गोळे होतात, स्पंज वाळत नाही. जुनी सोलापुरी चादर मधला थर म्हणून चालते, पण मग बाकीचे थर तीनच ठेवा. हाताने शिवताना त्या जाडीचा अंदाज येईलच.

अंथरणं आणि कच्चे टाके

सगळ्यात जास्त गोधड्या बिघडतात त्या इथे, शिवताना नव्हे. सारवलेलं अंगण, फरशी किंवा गच्ची स्वच्छ झाडून खालचं कापड उलटं अंथरा. चार कोपऱ्यांवर वजन ठेवून ताणा, पण इतकं नको की धागे तिरके होतील. त्यावर एकेक थर टाकून तळहाताने मधून कडेकडे सारखा करा. प्रत्येक थराची लांबीची दिशा एकच हवी. एखादा तुकडा आडवा बसवला तर तो वेगळा ताणतो आणि तिथे फुगा येतो.

आपली गोधडी कडेकडून आत, चौकोनामागे चौकोन घेत शिवतात. त्यामुळे कापडातली सैल प्रत्येक फेरीबरोबर मध्यभागी सरकत जाते, आणि शेवटच्या हातभर जागेत झोळ उरतो. तो नंतर दाबून शिवला तर चुण्या पडतात. यावर उपाय एकच: पक्क्या शिलाईआधी कच्चे टाके मधून बाहेर घाला. मध्यापासून चारी बाजूंना, मग कोपऱ्यांकडे, एकेक वीत अंतरावर. हे तासाभराचं काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच गाळलं जातं.

शिलाई

जाड सुती दोरा, लांब नाक्याची गोधडीची सुई आणि अंगुस्तान. दाभण गोणपाटासाठी असतं, त्याने साडीला भोकं पडतात. दोरा दुहेरी घ्या, पण हातभरापेक्षा लांब नको, तो पीळ घेतो आणि गाठी मारतो. मेणावरून एकदा ओढला तर सहज सरकतो.

कडेची कापडं दीड इंच आत दुमडून पहिली फेरी घाला. गाठ थरांच्या मध्ये लपवा. धावदोऱ्याचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा. खालचा हात गोधडीखाली ठेवा. सुईचं टोक बोटाला लागलं तरच सगळे थर शिवले गेले. प्रत्येक कोपऱ्यावर आणि दोरा संपताना दोन उलटे टाके घ्या, म्हणजे एक टाका तुटला तरी सगळी ओळ उसवत नाही.

दोन ओळींतलं अंतर हा खरा प्रश्न. अर्ध्या इंचावर ओळी घेतल्या तर नक्षी देखणी दिसते, पण गोधडी कडक होते आणि थरांमधली हवा दाबली जाऊन ऊब कमी होते. दोन इंचांपुढे गेलात तर पिळताना आतलं जुनं कापड फाटतं. एक ते दीड इंच ठेवा. मोठ्या गोधडीत एक इंचावर ओळी घेतल्या तर शिलाईची एकूण लांबी १२२ मीटर भरते. दुहेरी दोरा आणि टाक्यांची ओढ धरून ३०० मीटर दोरा आणा. दीड इंचाला २०० मीटर पुरतो. रोज तीन-चार तास बसलं तर एका बाईचे आठ-दहा दिवस जातात. चौघी चार बाजूंनी बसल्या तर दोन-तीन दिवसांत उरकते. बाहेर शिवायला देणार असाल तर मजुरी याच हिशेबाने द्या, नगावर घासाघीस करू नका.

मशीनवर चार थरांपर्यंत चांगलं काम होतं: सुई १६ किंवा १८ नंबरची, टाका मोठा, आणि ओळी मधून सुरू करून आळीपाळीने दोन्ही बाजूंना. एकाच बाजूने शिवत गेलात तर वरचं कापड पुढे ढकललं जातं आणि गोधडी तिरकी होते.

कड सगळ्यात आधी झिजते. जपून ठेवलेल्या सुती काठांची तीन इंच रुंदीची पट्टी दुमडून चारी कडांना शिवा. गोधडीचं आयुष्य निदान एका हंगामाने वाढतं.

दुपट्याला टिकल्या, बटणं, गोंडे, लोंबते दोरे नकोत. ते झोळीत, अंगाखाली आणि बाळाला गुंडाळायला असतं. वर्षाच्या आतल्या बाळावर जाड गोधडी पांघरू नये, कारण ती तोंडावर आली तर त्याला बाजूला सारता येत नाही. देताना आईला हे सांगा.

देण्याआधी आणि देताना

टाचण्या-सुया मोजून घेतल्या असल्या तरी पूर्ण गोधडीवरून चुंबक फिरवा. मग एकदा धुवा. दोष असेल तो याच धुण्यात दिसतो. दोन्ही बाजूंनी ऊन दाखवून कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा राहून बुरशी धरते. डांबरगोळ्या अजिबात नकोत: काही तान्ह्या बाळांना त्यांचा नुसता वास लागूनही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरे.

वाटपाची वेळ नोव्हेंबरचा शेवट किंवा डिसेंबरची सुरुवात. तोवर अड्डा स्थिरावलेला असतो आणि कोप्या मोजता येतात. अंगणवाडीताई किंवा जवळच्या शाळेचे शिक्षक यांच्याकडून किती कोप्या, किती मुलं, किती तान्ही, याची यादी घ्या. मुकादमाला सांगितल्याशिवाय जाऊ नये, पण गठ्ठा त्याच्या हवाली करून परतूही नये. प्रत्येक कोपीला एक मोठी, प्रत्येक मुलाला एक लहान. पन्नास कोप्यांचा अड्डा असेल आणि गोधड्या तीस असतील तर लहान अड्डा निवडा. निम्म्यांना दिल्या तर भांडणं लावून परत याल. दहाएक जास्तीच्या ठेवा, यादीत नसलेलं कुणीतरी निघतंच. सकाळी गेलात तर अड्ड्यावर फक्त म्हातारी माणसं आणि पोरं भेटतात. संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी जा.

आश्रमशाळेला द्यायच्या तर सगळ्या एका मापाच्या आणि पटाएवढ्या हव्यात. बालगृहात मुलांचे फोटो काढून टाकू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. वस्तुरूप देणगीला आयकरात देणगीची सवलत मिळत नाही, तेव्हा पावतीसाठी संस्थेला वेठीला धरू नये. महापूर आल्यावर पहिल्या आठवड्यात गोधड्या धाडू नका. वाळवायला जागाच नसते. पाणी ओसरून घरं सुकली की त्या पाठवा.

प्रत्येक मोठ्या गोधडीबरोबर एक सुई, दोऱ्याचं लहान रीळ आणि त्याच कापडाचे दोन हातभर तुकडे गुंडाळून द्या. ठिणगी पडून भोक पडणारच, ते पसरण्याआधी ठिगळ लावता येतं.