वारेच्या कॅप्सूल: बाळंतपणाआधी काय ठरवून ठेवायचं

अमेरिकेत बाळंतपण असेल, तर डूलाकडून (बाळंतपणात सोबत राहणारी, वैद्यकीय काम न करणारी मदतनीस) किंवा प्रसूतीच्या वर्गात कधी ना कधी हा विषय निघतो: वार (प्लासेंटा) वाळवायची, पूड करायची, कॅप्सूलमध्ये भरायची आणि बाळंतिणीने रोज घ्यायची. इकडून मदतीला गेलेल्या आईला हे पचवणं जड जातं. तिच्या आठवणीतली वार सुईण परसात खड्डा करून पुरायची.

ठरवण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, याचा फायदा होतो असं अजून दिसलेलं नाही. लास वेगसच्या नेवाडा विद्यापीठाने एक छोटी चाचणी केली. १२ जणींना वारेच्या कॅप्सूल दिल्या आणि १५ जणींना तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या. मनःस्थितीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शरीरातलं लोह वाढतं का हे पाहण्यासाठी १० आणि १३ बायकांचे गट घेतले, दुसऱ्या गटाला वाळवलेल्या गोमांसाच्या कॅप्सूल दिल्या, तिथेही तेच. दुसरी गोष्ट ओरेगनची. तिथल्या एका बाळाला ग्रुप बी स्ट्रेप या जिवाणूचा रक्तात संसर्ग झाला. उपचार घेऊन घरी गेलेलं बाळ थोड्याच दिवसांत पुन्हा दाखल झालं. आई रोज तीन वेळा दोन-दोन वारेच्या कॅप्सूल घेत होती आणि त्या पुडीत तोच जिवाणू निघाला. गरोदरपणात ३७व्या आठवड्याला झालेली तिची तपासणी निगेटिव्ह होती. घरातल्या दुसऱ्या कुणाकडून संसर्ग आला असण्याची शक्यता तपास करणाऱ्यांनी नाकारली नाही, पण हे प्रकरण जून २०१७ मध्ये प्रसिद्ध करताना सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, अशा कॅप्सूल टाळाव्यात असंच सांगितलं. आमचंही मत तेच. तरीही करायचंच ठरलं असेल, तर पुढची तयारी अर्धवट करू नका.

हॉस्पिटलशी बोलणं ३२व्या आठवड्याच्या आत उरका. वार घरी नेऊ देण्याबद्दल प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. हवाई, ओरेगन आणि टेक्सस इथे तसा कायदा आहे. टेक्ससमध्ये तो २०१६ पासून लागू झाला, आणि संसर्गाच्या तपासण्या निगेटिव्ह असाव्या लागतात, फॉर्मवर सही करावी लागते. इतर ठिकाणी सगळं हॉस्पिटलच्या नियमावर. म्हणून फोनवरच्या ‘हो, मिळेल’वर विसंबू नका. फॉर्म आधी भरा, एक प्रत स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा.

त्याच भेटीत विचारा: वार पॅथॉलॉजीला पाठवायची वेळ आली तर काय? दिवस भरण्याआधीचं बाळंतपण, वाढलेलं बीपी, बाळाची खुंटलेली वाढ, प्रसूतीत ताप, अशा वेळी डॉक्टरांना ती तपासायची असते आणि ती तपासणी कॅप्सूलपेक्षा महत्त्वाची आहे. वार एकदा फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवण्याचं विषारी रसायन) गेली की ती खाण्याजोगी राहत नाही, धुऊनही नाही. पुष्कळदा घोटाळा इथेच होतो. सकाळच्या नर्सला सांगितलेलं असतं, बाळ येतं रात्री. बारा तासांची पाळी बदलली की निरोप हरवतो. प्रत्येक नव्या नर्सला नवऱ्याने सांगायचं, आणि बर्थ प्लॅनच्या (प्रसूतीत काय हवं-नको ते लिहून हॉस्पिटलला द्यायचा कागद) पहिल्याच ओळीत लिहायचं: ‘वार घरी न्यायची आहे, फॉर्मॅलिन नको.’

बॅगेत हे ठेवा: पाच-सहा लिटरचा कडक कूलर, दोन-तीन लिटरचा घट्ट झाकणाचा नवा डबा, झिपच्या मोठ्या दोन-तीन पिशव्या, हातमोजे, चिकटपट्टी आणि न पुसणारं पेन. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची, २०-२२ सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणजे पोळीच्या डब्याएवढी जागा पुरते. डब्यावर आईचं नाव, जन्मतारीख, प्रसूतीची तारीख आणि वेळ. वेळ मिनिटासकट लिहा, कारण पुढचा सगळा हिशोब तिथून सुरू होतो.

वार बाहेर आल्यापासून दोन तासांच्या आत ती ४ अंश सेल्सियसच्या खाली, म्हणजे ४० फॅरनहाइटच्या खाली जायला हवी. कच्च्या मांसाला जो नियम, तोच हिला. आधी पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी, मग डबा, आणि डब्याच्या खाली-वर-बाजूने बर्फ. नुसता वर बर्फ टाकला तर खालचा भाग कोमटच राहतो. बर्फ वॉर्डातल्या मशीनमधून मिळतो, पण तो वितळतो हे कुणाच्या लक्षात राहत नाही. दर चार तासांनी पाणी ओतून नवा बर्फ घाला, फोनवर गजर लावून. हॉस्पिटलच्या फ्रिजवर भिस्त ठेवू नका. बाळंतीण एक-दोन दिवस तिथेच असते, म्हणून वार त्याच दिवशी घरी पोहोचवणारं माणूस आधीच ठरवा. बाळाजवळ बसलेल्या बापाला हे काम देऊ नये.

घरी फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, दही-दुधापासून लांब. दोन दिवसांत पुढचं काम होणार नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका. वितळवायची वेळ आली की फ्रिजमध्येच दिवसभर ठेवून वितळवा, ओट्यावर नाही.

आता कॅप्सूल करणाऱ्या व्यक्तीबद्दल. या धंद्याला एकच एक ठरलेला मापदंड नाही, त्यामुळे प्रश्न तुम्हालाच विचारावे लागतात. काम तुमच्याच घरी, तुमच्यासमोर होणार असेल तर उत्तम. बाहेर नेलं तर कुणाची वार कुणाच्या बाटलीत, याची खात्री देणं अवघड. रक्तातून पसरणाऱ्या रोगांबद्दलचं आणि अन्न हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचे कागद दाखवायला सांगा. आणि एक प्रश्न नक्की: आधी वाफवता का, आणि मधोमध थर्मामीटर घालून बघता का?

हा प्रश्न नुसता खवचटपणा नाही. ‘कच्ची पद्धत’ म्हणून वार न वाफवता थेट कमी आचेवर वाळवतात. ओरेगनच्या त्या प्रकरणात वाळवण्याचं तापमान ४६ ते ७१ अंश सेल्सियसच्या दरम्यान होतं. जिवाणू ओल्या उष्णतेने मरतात. आधी सुकले तर ते चिवट होतात आणि मग तीच उष्णता त्यांना पुरत नाही. अमेरिकेचं कृषी खातंही मांसाच्या सुकट पट्ट्यांसाठी सांगतं की आधी १६० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ७१ सेल्सियसपर्यंत शिजवा आणि मग वाळवा. तेच इथे लावा: आधी वाफ, मधल्या सगळ्यात जाड भागात ७१ अंश, त्यानंतर पाचेक मिलिमीटरचे काप, आणि त्याच तापमानाला आठ-दहा तास किंवा जास्त. वाळवण्याच्या मशीनच्या बटणावरचा आकडा आणि आतला आकडा एक नसतो.

वाळलं की नाही हे हाताने कळतं. काप पापडासारखा कडकन मोडला पाहिजे. चामड्यासारखा वाकला तर आत ओल आहे. तशी पूड बाटलीत गोळा होते, बुरशी धरते. दळायला घरचं चटणीचं भांडं वापरू देऊ नका. त्यासाठी वेगळं भांडं त्यांनी आणायचं. नळाखाली धार सोडून वार धुतली की शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात, म्हणून भांड्यात धुवावी. रक्त सांडलं तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून मग पुसायचं.

साधारण शंभर ते दोनशे कॅप्सूल निघतात, वारेच्या वजनावर आणि कॅप्सूलच्या आकारावर. रिकाम्या कॅप्सूल बहुधा जिलेटिनच्या असतात, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांच्या. घरात मांसाहार चालत नसेल तर सेल्युलोजच्या मागा. वार चालते आणि जिलेटिन चालत नाही, यावर घरात वाद झाला तर तो तुमचा तुम्ही मिटवा.

पुढीलपैकी काहीही झालं तर बेत तिथेच सोडा: प्रसूतीत ताप किंवा गर्भपिशवीच्या पाण्यात संसर्ग, बाळाने पोटात केलेली दाट शी, ग्रुप बी स्ट्रेपची तपासणी पॉझिटिव्ह, हिपॅटायटिस किंवा एचआयव्ही, आईचं धूम्रपान, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेली वार, किंवा नंतर बाळाला सुरू झालेली अँटिबायोटिक. पैसे आधी दिलेत म्हणून पुढे जाऊ नका. करार करतानाच वार मिळाली नाही किंवा टाकावी लागली तर किती पैसे परत मिळतील ते लिहून घ्या.

कॅप्सूल घेतल्याच तर बाळंतिणीच्या आणि बाळाच्या, दोघांच्या डॉक्टरांना सांगा. लाजून लपवलं तर संसर्गाचं मूळ शोधण्यात दिवस जातात. सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या याच्या भरवशावर बंद करू नका. रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर ती डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आहे, बाटली संपेपर्यंत थांबण्याची नाही. दूध कमी झाल्यासारखं वाटलं तर कॅप्सूल आधी थांबवा. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, ते दूध ओढेना किंवा सुस्त पडून राहिलं, तर त्याच क्षणी इमर्जन्सीत न्या. जाताना बाटलीही सोबत घ्या, पुडीची तपासणी करता येते.