घड्याळ पुण्याचं, सूर्य कोलकात्याचा: परक्या शहरात फोटो काढताना या चुका टाळा

दर जानेवारीत कामानिमित्त माझे दोन-तीन आठवडे कोलकात्यात जातात. सकाळी कामाआधी कॅमेरा घेऊन पायी भटकायचं हा जुना नेम. हल्ली पुण्याहून दोघं-तिघं हौशी सोबत येतात आणि दरवर्षी त्याच चुका नव्या उत्साहाने करतात.

पहिली चूक घड्याळाची. "सातला निघू, उजेड मस्त असतो." असतो ना, पुण्यात! पुणे आणि कोलकाता यांच्यात साडेचौदा रेखांशांचं अंतर आहे. अंशाला चार मिनिटं धरली तर जवळजवळ तास झाला, आणि घड्याळ मात्र देशभर एकच. जानेवारीत तिकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. सातला खोलीतून निघून, रमतगमत हावडा पुलाखालच्या मल्लिक घाट फूलबाजारात पोचेपर्यंत आठ वाजतात, तोवर तिरपं ऊन गेलेलं असतं. संध्याकाळी याच्या उलट. गेल्या वर्षी एक गडी पावणेसहाला प्रिन्सेप घाटावर 'गोल्डन आवर', म्हणजे मावळतीआधीचा सोनेरी उजेड, शोधत होता. सूर्य सव्वापाचच्या आसपासच गेला होता. त्याला झालमुडी (तिकडची भेळ) खाऊ घातली आणि परत आणलं. मी रात्रीच दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाची वेळ बघतो आणि त्याआधी अर्धा तास जागेवर असतो. चहा तिथेच, मातीच्या कपात.

दुसरी चूक पाठीवरची सॅक. ही मी स्वतः केलेली आहे, म्हणून जास्त बोलतो.

सरस्वतीपूजेच्या आधीचे दिवस होते. कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीतल्या गल्ल्या मूर्तींनी भरलेल्या. गवताचा सांगाडा, त्यावर माती, आणि सगळं उन्हात वाळत ठेवलेलं. या मूर्ती भाजत नाहीत, फक्त वाळवतात. बोटं वेगळी घडवून नंतर जोडतात. माझ्या सॅकमध्ये दोन लेन्सा, फ्लॅश, पाण्याची बाटली, असा सगळा संसार. समोर एक कारागीर डोळ्यांच्या कडा गुळगुळीत करत होता. तो पूर्ण फ्रेममध्ये यावा म्हणून मी एक पाऊल मागे गेलो, मग आणखी एक. टक्क असा बारीक आवाज आला. मागच्या सरस्वतीची वीणेवरची तीन बोटं जमिनीवर.

कारागीर ओरडला नाही. उठला, तुकडे उचलले, ओल्या मातीच्या गोळ्यातून नवी बोटं वळायला बसला. पैसे पुढे केले तर हातानेच नको म्हणाला. मी अर्धा तास तिथे उभा होतो, कॅमेरा गळ्यात, एकही फोटो न काढता. त्या दिवसापासून सॅक खोलीवर. एक कॅमेरा, एक २८ मिमीची लेन्स (रुंद दृश्य टिपणारी, झूम नसलेली), जादा बॅटरी खिशात. आणि मागे सरकायचं तर आधी मान वळवून बघायचं. "पण सर, झूम नसेल तर?" नसेल तर दोन पावलं पुढे जा. पुढचं निदान दिसतं तरी.

सेटिंगशी खेळत बसू नका. लेन्सचं छिद्र एफ ८, फोकस अडीच मीटरवर हाताने लावून ठेवलेला, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटो. फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २८च्या लेन्सने साधारण दीड ते दहा मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. अंधाऱ्या गल्लीत शटर १/२५०. त्याखाली गेलात तर हमालाच्या डोक्यावरची झेंडूची टोपली नुसता पिवळा फराटा होते.

प्रत्येक फोटोनंतर स्क्रीनकडे बघणं: फूलबाजारात वाटेत उभं राहून हे केलंत तर हमाल धक्का देणारच, आणि चूक त्याची नसेल.

हातरिक्षावाल्याचा घामेजलेला चेहरा, कृष्णधवल, वर 'संघर्ष' असा मथळा: नको. खरंच नको.

स्मशानघाटावर कॅमेरा पिशवीत.

परवानगी न विचारणं हा भित्र्यांचा शॉर्टकट आहे. लांबून झूम लावून चोरून काढलेला चेहरा मला लगेच ओळखू येतो, त्यात नजरच नसते. 'दादा' हा शब्द तिकडेही चालतो. "दादा, एकटा छोबी तुलबो?" म्हणजे 'एक फोटो काढू का?' एवढं पाठ करा. यातला 'एकटा' म्हणजे 'एक', त्यामुळे मराठी कानाला गंमत वाटते. नाही म्हणाले तर हसून पुढे.

शेवटची चूक घाईची: रोज नवा भाग, यादीतल्या जागांवर टिकमार्क. मी एकच कोपरा तीन सकाळी धरतो. पहिल्या दिवशी सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. दुसऱ्या दिवशी पोरं पोझ देतात. तिसऱ्या दिवशी चहावाला न विचारता कप पुढे सरकवतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. मी कॅमेरा तेव्हा उचलतो. माझी हौशी मंडळी तोवर व्हिक्टोरिया मेमोरियल बघायला गेलेली असतात.