शुगर जास्त निघाली, पक्कं निदान बाकी आहे: तोवर काय खायचं?

ऑपरेशनआधीच्या तपासणीत किंवा ऑफिसच्या चेकअपमध्ये फास्टिंग (उपाशीपोटीची) शुगर १२८ निघते. डॉक्टर म्हणतात, "पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू." घरी आल्याआल्या साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, भात बंद होतो आणि शेजारच्या काकू कारल्याचा रस घेऊन दारात उभ्या. या आठवड्यात खरं तर एवढी धावपळ करायची नसते.

लक्षणं नसतील तर एका आकड्यावर डायबेटिस ठरवत नाहीत. फास्टिंग १२६ किंवा जास्त, एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, यांपैकी काही ना काही दोनदा दिसावं लागतं. फास्टिंग १०० ते १२५ म्हणजे आपण ज्याला बॉर्डर म्हणतो ते. (गरोदरपणातले निकष वेगळे असतात, तिथे हे आकडे लावू नका.)

आधी हे तपासा. सारखी तहान, रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणं, काही न करता वजन उतरणं, असं होत असेल तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. त्यात उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर थेट दवाखाना गाठा.

चाचणी होईपर्यंत भात-पोळी तोडू नका. बहुतेकांची चूक इथेच होते. ग्लुकोज पिऊन करायच्या चाचणीआधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. सकाळी पोहे, दोन्ही जेवणांत दोन-दोन पोळ्या आणि वाटीभर भात, एवढ्यात ती जातात. तीन दिवस नुसती काकडी-टोमॅटो खाल्लं तर शरीराची साखर हाताळायची सवय मंदावते आणि आकडा उगाच जास्त येतो. जेवणानंतरच्या पीपीचं उलट होतं. त्या दिवशी मुद्दाम अर्धीच पोळी खाल्ली तर रिपोर्ट छान येतो, पण तो त्या अर्ध्या पोळीचा रिपोर्ट असतो. रोजचं जेवा आणि दोन तास पहिल्या घासापासून मोजा.

फास्टिंगसाठी किमान आठ तास पोटात काही नको. पाणी चालतं, चहा बिनसाखरेचाही नको. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे आठ दिवसांच्या उपासाने ते फारसं हलत नाही. अंगात रक्त कमी असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, रिपोर्ट वाचताना त्याने फरक पडतो.

आजपासून काय सोडता येईल? प्यायची साखर. दिवसाला चार कप चहा, कपात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर, जवळजवळ ३५ ग्रॅम. हे बंद केल्याने चाचणी बिघडत नाही. उसाचा रस, सरबत, कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस हेही त्याच रांगेत. गूळ घातला म्हणून सुटका नाही, मधानेही नाही. फळ मात्र चावून खा.

ताट तेच ठेवा, क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, भात-भाकरी शेवटी. असं जेवलं की नंतरची साखर हळू चढते. भाकरीबद्दल एक गोड गैरसमज आहे: ज्वारीची आहे, कितीही चालते. ताटभर मोठ्या भाकरीला दोन पोळ्यांइतकं पीठ लागतं. मोजायला वजनकाटा नको, एकच वाटी भातासाठी ठरवून टाका. जेवून लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं चाला, गच्चीवर चाललात तरी चालेल.

एकादशी-चतुर्थी मध्ये आली तर? साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. वर बटाटा, रताळं आणि केळं आलं की उपासाचा दिवसच सगळ्यात जड. चाचणीच्या आदल्या दिवशी उपास टाळा. एरवी करायचाच असेल तर भगर थोडी, दाण्याची आमटी जास्त आणि ताक.

कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पावडर, यातलं काही आत्ताच सुरू करू नका. निदानच धूसर होतं. आणि घरातल्या कुणाची शुगरची गोळी "एक घेऊन बघू" म्हणून तर अजिबात नाही.

तीन दिवस वहीत लिहा. वेळ, काय खाल्लं, किती. त्यातला एक दिवस रविवार असू द्या. ही वही डॉक्टरांकडे न्या. स्वयंपाक करताना चाखलेलं, नातवाने टाकलेलं बिस्किट, सत्यनारायणाचा शिरा, हेही त्यात यायला हवं.