किरणोत्सारी समस्थानिक विरलनाने मिश्रणातील घटक कसा मोजावा

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासून पेनिसिलिनचा किण्वन-द्रव, म्हणजे बुरशी वाढवून मिळणारा द्रव, पुण्याच्या रसायनशास्त्राला परिचयाचा आहे. या द्रवात शर्करा, क्षार, प्रथिने आणि एकमेकांशी मिळतीजुळती पेनिसिलिने असतात. त्यातून बेंझिलपेनिसिलिन हे एकच पेनिसिलिन अजिबात न गमावता वेगळे काढता येत नाही. विरलन पद्धतीत त्याच पदार्थाचे किरणोत्सारी रूप ठरावीक प्रमाणात नमुन्यात मिसळतात आणि मूळच्या पदार्थामुळे त्याची क्रियाशीलता किती विरळ झाली, यावरून मूळचे प्रमाण काढतात. त्यामुळे ते सगळे काढावे लागतच नाही, आणि हेच तिचे मोठे बळ आहे. १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या हेवेशी यांनी ती रूढ केली.

किरणोत्सारी कार्बन-१४ ची खूण असलेले शुद्ध बेंझिलपेनिसिलिन पोटॅशियम घ्यावे आणि त्याची विशिष्ट क्रियाशीलता, म्हणजे दर मिलिग्रॅममागे गणकावर मिनिटाला किरणोत्साराच्या किती नोंदी मिळतात, ते आधी मोजावे. समजा ती ६०० आहे. त्यातले नेमके १० मिलिग्रॅम नमुन्यात घालून पूर्ण मिसळू द्यावे. येथे घाई झाली तर पुढचे सारे गणित फसते.

आता द्रव थंड ठेवून आम्लधर्मी करावा, पेनिसिलिन ब्यूटिल ॲसिटेटमध्ये उतरवावे, मग पोटॅशियम क्षार म्हणून स्फटिकरूपात मिळवावे. आम्लात काही पेनिसिलिन विघटित होते, पण खुणेचे आणि मूळचे सारख्याच प्रमाणात होते, म्हणून गुणोत्तर ढळत नाही. विघटनातून आलेले पदार्थ मात्र स्फटिकात राहता कामा नयेत. म्हणून सलग दोन स्फटिकीकरणांनंतर विशिष्ट क्रियाशीलता तीच येईपर्यंत शुद्धीकरण चालू ठेवावे. हाताशी चारच मिलिग्रॅम उरले तरी चालतात.

ते तोलून द्रव-प्रस्फुरण गणकात, म्हणजे किरणोत्साराने द्रवात उमटणाऱ्या प्रकाशाच्या ठिणग्या मोजणाऱ्या यंत्रात, मोजावे. एकूण १०,००० नोंदी जमल्या की सांख्यिकीय त्रुटी सुमारे १ टक्का राहते. नवी क्रियाशीलता १५० आली, तर मूळचे पेनिसिलिन १० × (६००/१५० − १), म्हणजे ३० मिलिग्रॅम.

खुणेचा पदार्थ मूळच्या मानाने थोडाच घालावा. आधीच्या आणि नव्या क्रियाशीलतेचे गुणोत्तर (वर ६००/१५०) १.०५ इतकेच आले, तर मोजणीतली १ टक्का त्रुटी उत्तरात सुमारे २१ टक्के होते.

कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल सुमारे ५,७३० वर्षे असल्याने त्याचा कचरा कधीही मोरीत टाकू नये. हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच, हातमोजे घालून आणि तेथील सुरक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करावे.