लसूण या शब्दाचे मूळ कसे शोधावे

शब्दाची व्युत्पत्ती शोधताना कोश शेवटी उघडावा. आधी तो शब्द वापरून पाहावा. शेंगांची चटणी कुटणाऱ्या सोलापूरकराला लसूण हा शब्द रोजचा आहे, म्हणून तोच घेऊ.

प्रथम त्याला प्रत्यय लावावा. कोणी ‘लसणाच्या पाकळ्या’ म्हणते, कोणी ‘लसणीच्या’. लिंग बदलले तरी दोन्हीकडे ‘सू’मधला उकार गळतो, जसा माणूस–माणसाला, कापूस–कापसाला येथे गळतो. त्यावरून हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला नसावा, असा अंदाज बांधता येतो.

मग ध्वनी मागे न्यावेत. मराठी जिच्यातून आली त्या महाराष्ट्री प्राकृतात संस्कृत ‘श’चा ‘स’ आणि दोन स्वरांमधल्या ‘न’चा ‘ण’ होतो. ही पावले उलटी टाकली की लसूणवरून आपण ‘लशुन’पाशी पोहोचतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात निषिद्ध पदार्थांमध्ये हाच शब्द आला आहे. हिंदी लहसुन आणि गुजराती लसण ही याच घराण्यातली रूपे.

संस्कृतात ‘रसोन’ असेही नाव आहे आणि त्याची फोड वैद्यकग्रंथांत ‘रस + ऊन’ अशी केलेली आढळते: सहा रसांपैकी आंबट हा एकच रस ज्यात नाही, तो रसोन. फोड देखणी आहे. पण पदार्थाच्या गुणावरून लावलेला अर्थ आणि शब्दाचा इतिहास एक मानू नयेत. माझ्या मते ही फोड मागाहून जुळवलेली आहे.

यानंतर शेजाऱ्यांना विचारावे, आणि ही सोय सोलापुरात घराच्या दाराशीच आहे. कन्नड बोलणारा ‘बेळ्ळुळ्ळी’ म्हणेल, पूर्व भागातला तेलुगू भाषक ‘वेल्लुल्ली’. दोहोंत ‘उळ्ळी’ किंवा ‘उल्ली’ म्हणजे कांदा आणि आधीचा भाग ‘पांढरा’ या अर्थाचा. म्हणजे लसूण हा पांढरा कांदा. लशुनाशी या शब्दांचा संबंध नाही, हे ऐकताक्षणीच कळते. इंग्रजांनी रंगाऐवजी आकार पाहिला: गार्लिकमधला ‘गार’ जुन्या इंग्रजीत भाला, आणि ‘लिक’ ही कांद्याच्या कुळातली भाजी.

केवळ उच्चार सारखा म्हणून नाते जोडू नये. लसणीचा गड्डा आणि संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा यांची सांगड घालण्याचा मोह येथे कोणालाही होईल, पण मधल्या रूपांचा पुरावा मिळेपर्यंत ती घालू नये. एवढे झाल्यावर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ उघडावा आणि आपली साखळी त्यातील नोंदीशी ताडून पाहावी.